मोहाच्या क्षणी तारण कसं कामी येतं: नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

बाप्तिस्मा झाला, मंडळीत नाव लागलं, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तो रविवार आनंदात जातो. सोमवारी कामावर मुकादम नेहमीसारखाच टाकून बोलतो आणि तोंडात जुनीच शिवी येते. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइल हातात घेतला की बोट पुन्हा त्याच जागी जातं. नवे विश्वासणारे खचतात ते बहुतेक याच आठवड्यात. "माझं तारण खरंच झालंय का हो?" हा प्रश्न मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला आहे. उपासना सुटल्यावर, लोक पांगल्यावर, खाली बघून विचारलेला.

त्या प्रश्नासाठी हे लिहीत आहे. मोहाशी झगडायचं ते तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, कमावण्यासाठी नाही. ते ख्रिस्ताने वधस्तंभावर मिळवून दिलेलं आहे. त्यात पाय रोवून झगडायचं. हे आधी मनात बसू द्या. ते बसलं नाही, तर पुढे सांगितलेल्या सगळ्या गोष्टी चार दिवसांचे नेमधर्म होतील आणि पाचव्या दिवशी सुटतील.

पहिली पायरी: काय मिळालं आहे ते नीट पाहा

मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात देवदूत मरीयेशी वाग्दत्त असलेल्या योसेफाला सांगतो की बाळाचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील (मत्तय १:२१). पापांच्या शिक्षेपासून, एवढंच तिथे म्हटलेलं नाही. आपल्याकडे तारण म्हटलं की डोळ्यांसमोर मरण आणि स्वर्ग येतो, कबरस्थानातली गीतं आठवतात. ती आशा खरीच आहे. पण तारणाचं काम आज सुरू होतं: स्वयंपाकघरात, एसटीत, दुकानाच्या गल्ल्यावर.

प्रेषित पौल आपल्या सहकारी तीताला लिहितो की तारण देणारी देवाची कृपा प्रकट झाली आहे, आणि तीच कृपा आपल्याला अभक्ती व ऐहिक वासना सोडून मर्यादेने, नीतीने, सुभक्तीने वागायला शिकवते (तीत २:११-१२). ज्या कृपेने क्षमा केली तीच कृपा पुढे हाताला धरून शिकवते. शिकवण्याला वेळ लागतो, आणि शिकणारा चुकणार हे शिकवणाऱ्याला ठाऊक असतं.

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला क्रम तर पाठच करून ठेवावा. पौल आधी सांगतो की आपला जुना माणूस ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला. मग सांगतो की तुम्ही पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत आहात असं स्वतःला माना (वचन ११). त्यानंतर सांगतो की आपले अवयव देवाला समर्पण करा (वचन १३). आधी मानायचं, मग द्यायचं. आपण नेमकं उलट करतो. आधी सहा महिने चांगलं वागून दाखवू, मग स्वतःला देवाचं लेकरू मानू, असा आपला हिशेब असतो. त्या हिशेबात सहा महिने कधी पुरे होत नाहीत.

याची सवय लावायला एक साधी गोष्ट करा. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच बसून, एकेका अवयवाचं नाव घेऊन प्रार्थना करा. "प्रभू, मी तुझा आहे. ही जीभ तुझी, आज दुपारच्या मीटिंगमध्ये ती सांभाळ. हे डोळे तुझे. हे हात तुझे, आज यांतून दुसऱ्याचे पैसे जाणार आहेत." दोन मिनिटांत होते. पण नावं घेऊन करा, कारण "मला सांभाळ" एवढंच म्हटलं तर कशापासून हे आपण स्वतःलाही सांगत नाही.

सगळं एकदम उमगत नाही म्हणून घाबरू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. संस्कृत विद्येत भल्याभल्यांना चकित केलेली ती बाई. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी सांगितलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. हे लक्षात यायला मध्ये कित्येक वर्षं गेली. दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुलीबायकांना त्यांनी केडगावला आसरा दिला, ते त्यानंतर.

दुसरी पायरी: मोह आणि पाप यांची गल्लत करू नका

मनात विचार आला म्हणजे पाप झालंच, असं धरून पुष्कळ जण झगडा सुरू होण्याआधीच हार मानतात. "विचार आलाच आहे, आता करूनच टाकू." हा युक्तिवाद कुठून येतो ते ओळखायला शिका.

येशूलाही मोह झाला. इब्री लोकांस पत्र म्हणतं की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला (४:१५). आणि याकोब मोहाची चाल पायरीपायरीने दाखवतो: माणसाला त्याची स्वतःची वासना ओढते, भुलवते, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढलं की त्यातून मरण येतं (याकोब १:१४-१५). म्हणजे ओढ लागणं आणि पाप होणं यांच्यामध्ये वेळ असतो. कधी अर्धा तास, कधी दोन श्वास. तारणाचं सामर्थ्य वापरायची जागा ती. कृती हातातोंडाशी आल्यावर प्रभूला हाक मारली तर तो ऐकत नाही असं नाही, पण तोवर आपणच ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो.

याकोब आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो: देव कोणाला मोहात पाडत नाही. "देवानेच ते माझ्यासमोर आणलं" असं म्हणून अंग काढून घेऊ नका.

आता मत्तयाचा तिसरा अध्याय जिथे संपतो आणि चौथा सुरू होतो, तो भाग मध्ये न थांबता वाचा. यार्देन नदीतून येशू वर येतो आणि आकाशवाणी होते की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तोवर येशूने एकही प्रवचन केलेलं नाही, एकही रोगी बरा केलेला नाही. पित्याची पसंती आधी मिळाली आहे. त्यानंतर अरण्य, चाळीस दिवसांचा उपास, भूक. आणि सैतानाचं पहिलंच वाक्य: "तू देवाचा पुत्र असशील तर". नुकतंच जे ऐकलं त्यावरच घाव. "माझं तारण झालंय का?" हा तुमचा प्रश्नही बहुतेक वेळा याच वाटेने येतो. येशू स्वतःला सिद्ध करायच्या भरीला पडत नाही. तो पुत्र म्हणून उभा राहतो आणि शास्त्रवचनाने उत्तर देतो.

तीनही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात फिरले, भाकरीवरून कुरकुरले, देवाची परीक्षा पाहिली, दुसऱ्या देवांकडे वळले, त्याची आठवण आणि त्याबद्दलचे इशारे त्या अध्यायांत आहेत. ते जिथे जिथे पडले तिथे तिथे येशू टिकला. म्हणून तुम्ही जेव्हा "प्रभू, मला तुझा विजय दे" म्हणता, तेव्हा खऱ्या भुकेत, खऱ्या एकटेपणात मिळवलेला विजय तुम्ही मागत असता.

पहिला मोह भाकरीचा होता हे विसरू नका. भूक हे पाप नव्हे. थकवा, एकटेपणा, पैशाची चणचण, कौतुकाची आस, या गरजा खऱ्या असतात. मोह त्या गरजेला चुकीची वाट दाखवतो. त्यामुळे नुसतं "नको नको" म्हणून भागत नाही. ती गरज पित्यासमोर मांडावी लागते. आणि सैतानानेही एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवलं होतं, म्हणून वचन मागचं-पुढचं सोडून वापरू नका.

तिसरी पायरी: मोहाची वेळ आणि वाट लिहून काढा

एक छोटी वही घ्या. आठवडाभर त्यात पापांची यादी करू नका. मोह कधी आला, कुठे आला, त्याआधी काय चाललं होतं, पोटात अन्न होतं का, झोप झाली होती का, सोबत कोण होतं, एवढंच लिहा.

आमच्या ओळखीचे एक भाऊ गवंडीकाम करतात. दारू सुटावी म्हणून ते फार प्रार्थना करायचे आणि दर शनिवारी, पगाराच्या दिवशी, प्यायचे. प्रार्थना असायची ती दुकानासमोरून जाताना. वहीत लिहायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गोष्ट दुकानासमोर सुरू होतच नाही. ती चार वाजता सुरू होते, जेव्हा साइटवरचा जोडीदार थापी धुताधुता विचारतो, "आज बसायचं ना?" आणि ते हसून म्हणतात, "बघू." त्या "बघू"मध्ये होकार होता. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. जोडीदाराला शुक्रवारीच सांगितलं की मी येणार नाही, आणि मला विचारूही नकोस. आणि शनिवारी सहाला त्यांची बायको पिशव्या घेऊन साइटवर यायला लागली. मुकादमाच्या हातून पगार तिच्या हातात, आणि तिथूनच दोघं आठवड्याच्या बाजाराला. साक्ष देताना ते म्हणाले की प्रार्थना तीच होती, फक्त ती चार वाजता करायला लागलो.

नव्या विश्वासणाऱ्यांच्या वहीत आणखी दोन मोह सापडतात, जे मोहासारखे दिसत नाहीत. एक भक्तीचा ताठा. घरातले अजून विश्वासात नसतील तर त्यांच्याशी तुसडेपणाने बोलणं, त्यांच्या सणावारांची हेटाळणी करणं, जेवताना वाद उकरून काढणं. मग सासू किंवा भाऊ विचारतो, "तुझा येशू हेच शिकवतो का?" आणि प्रश्न रास्त असतो. दुसरा मोह चहाडीचा, तोही प्रार्थनेच्या वेषात. "तिच्यासाठी जरा प्रार्थना करा, तिच्या घरी काय चाललंय माहीत आहे ना?" यात प्रार्थना थोडी आणि बातमी फार असते. कुणाची गोष्ट तिला न विचारता प्रार्थनागटात सांगू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

चौथी पायरी: मोहाची तरतूद बंद करा

उत्तर आफ्रिकेतला ऑगस्टीन (३५४-४३०) पुढे मोठा बिशप झाला, पण तरुणपणी तो देवाकडे अशी प्रार्थना करायचा की मला शुद्धता दे, पण एवढ्यात नको. हे त्यानेच प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत, आतून पार पिळवटून गेलेला असताना, त्याने पौलाची पत्रं उघडली आणि रोम १३:१३-१४ वाचलं: प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहवासनांची तरतूद करू नका. त्या क्षणी त्याच्या मनातला अंधार सरला, असं तो सांगतो.

त्याच्या त्या जुन्या प्रार्थनेतलं "एवढ्यात नको" आपल्या घरात वस्तूंच्या रूपाने असतं. डिलीट न केलेला नंबर. "पाहुण्यांसाठी" ठेवलेली बाटली. मोबाइलमधलं पत्त्यांचं ॲप, ज्यात अजून थोडे पैसे शिल्लक आहेत. दुकानात पक्क्या बिलांच्या पुस्तकाशेजारचं दुसरं पुस्तक. हे काढा. आजच, आणि कोणाला तरी सोबत घेऊन काढा, कारण एकट्याने काढलेलं एकट्याने परत आणता येतं.

मोबाइलचा मोह असेल तर चार्जर स्वयंपाकघरात न्या, रात्री दहानंतर फोन तिथेच राहू द्या आणि उठण्यासाठी गजराचं घड्याळ घ्या. हे करायला लोक लाजतात. एवढ्या मोठ्या माणसाला चार्जर हलवावा लागतो म्हणजे विश्वास कमी, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पौलाने एकाच वाक्यात ख्रिस्ताला परिधान करायला आणि तरतूद न करायला सांगितलं आहे. दोन्ही मिळून विश्वासच.

आणि रिकामी जागा रिकामी ठेवू नका. इफिसकरांना पौल लिहितो की चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये. उलट हातांनी श्रम करावे, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असेल (४:२८). चोरी थांबली एवढ्यावर पौल थांबत नाही. जो हात घेत होता तो देता झाला पाहिजे. दारूचे वाचलेले पैसे कुणाच्या फीला गेले, तर शनिवारची संध्याकाळ वेगळी वाटायला लागते.

पाचवी पायरी: उत्तर आधी ठरवून ठेवा

उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातला योसेफ आपण वस्त्र टाकून पळालेला म्हणून लक्षात ठेवतो. पण त्याआधीचं वाचा. भावांनी विकलेला पोरगा, परक्या मुलखात, पोटीफराच्या घरचा कारभारी झालेला. त्याला बघायला आईवडील नाहीत, समाज नाही. दहा आज्ञाही अजून दिल्या गेलेल्या नाहीत. धन्याची बायको त्याला रोज गळ घालते, एकदा नाही. आणि त्याचं उत्तर ठरलेलं आहे: धन्याने सगळं माझ्या हाती विश्वासाने सोपवलं आहे, मग एवढी मोठी दुष्टाई करून मी देवाविरुद्ध पाप कसं करू? दहाव्या वचनात आणखी एक बारीक गोष्ट आहे. तो तिच्याजवळ थांबतही नसे. ज्या दिवशी घरात कुणीच नव्हतं आणि तिने वस्त्र धरलं, त्या दिवशी त्याला विचार करावा लागला नाही. पाय आधीच शिकलेले होते.

म्हणून शांत डोक्याने, मोह नसताना, आपलं वाक्य ठरवा. दुकानदाराने "बिल नको असेल तर कमी होईल" म्हटलं की काय म्हणायचं? साहेबांनी "मी नाही म्हणून सांग" म्हटलं की काय? मोठ्या लढाईला नाही, अशा रोजच्या प्रसंगांना वाक्य लागतं. साधं असू द्या: "साहेब, कामात आहेत असं सांगतो, ते खरं आहे." "बिल द्या, मला चालेल." लांबलचक प्रवचन देऊ नका.

त्याच्या जोडीला एकच वचन, आपल्या नेमक्या मोहासाठी, तोंडपाठ करा. स्तोत्रकर्ता म्हणतो की तुझ्याविरुद्ध पाप करू नये म्हणून मी तुझं वचन मनात जपून ठेवलं आहे (११९:११). रागासाठी याकोब १:१९-२०. पैशासाठी इब्री १३:५. वासनेसाठी १ करिंथ ६:१९-२०. खोटेपणासाठी इफिस ४:२५. एक पुरे. दहा वचनांचा कागद खिशात असण्यापेक्षा एक वचन जिभेवर असलेलं बरं.

योसेफाच्या गोष्टीचा शेवट नव्यांना सांगायलाच हवा, कारण पुष्कळ जण इथे फसवले गेल्यासारखे होतात. तो मोहात पडला नाही आणि तुरुंगात गेला. खरं बोललात तर बढती मिळेलच असं नाही; कधी गिऱ्हाईक जाईल, मित्र तुटतील. पण त्याच अध्यायात, तुरुंगात गेल्यावरही, परमेश्वर योसेफाबरोबर होता असं लिहिलं आहे.

सहावी पायरी: प्रत्यक्ष त्या क्षणी

मोह अंगावर आला की क्रम असा ठेवा.

हाक मारा, लगेच, जसे असाल तसे. "प्रभू येशू, मला हे हवंसं वाटतंय. मी तुझा आहे. धर मला." हवंसं वाटतंय हे कबूल करायला लाजू नका, त्याला ते दिसतंच आहे. इब्री लोकांस पत्र म्हणतं की तो आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती असलेला प्रमुख याजक आहे, म्हणून ऐन गरजेच्या वेळी साहाय्य मिळावं यासाठी धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या (४:१५-१६). ऐन गरजेच्या वेळी. नंतर, सगळं निवळल्यावर, अंघोळ करून नाही. हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे असं मला वाटतं. आपल्याला मळकट मनाने देवासमोर जायची लाज वाटते, म्हणून आपण मोह संपेपर्यंत त्याच्यापासून तोंड लपवतो, आणि तेवढ्या वेळात पडतो.

मग जागा सोडा. उठा, बाहेर या, दिवा लावा, जिथे माणसं आहेत तिथे जा. १ करिंथ १०:१३ मध्ये वचन आहे की देव विश्वसनीय आहे, तो शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही, तिच्याबरोबर निभावण्याचा उपायही करील. पुढच्याच वचनात पौल दूर पळायला सांगतो. तो उपाय बहुधा साधाच असतो: उघडं दार, नेमका वाजलेला फोन, पोराने मारलेली हाक. तो ओळखा आणि घ्या.

राग आला असेल तर मात्र पळून रुसून बसू नका. "दहा मिनिटांत येऊन बोलतो" असं सांगून बाहेर जा, आणि खरंच परत या.

मोह पहिल्या "नाही"ला जातोच असं नाही. लूक लिहितो की सैतानदेखील संधी मिळेपर्यंत निघून गेला. तो पुन्हा येतो म्हणून तुमची प्रार्थना फुकट गेली असं नव्हे.

सातवी पायरी: एक सोबती शोधा

तरुणपणाच्या वासनांपासून पळ, असं तीमथ्याला सांगताना पौल त्याच वाक्यात जोडतो की शुद्ध अंतःकरणाने प्रभूचा धावा करणाऱ्यांबरोबर नीतिमत्त्व, विश्वास, प्रीती, शांती यांच्या पाठीस लाग (२ तीमथ्य २:२२). एकट्याने पळायला सांगितलेलंच नाही.

पुरुषाने पुरुष, बाईने बाई असा सोबती निवडावा. विश्वासात थोडा मुरलेला आणि पोटात गोष्ट ठेवणारा. त्याला आठवड्यातून एकदा भेटा किंवा फोन करा आणि दोनच प्रश्न विचारायला सांगा: या आठवड्यात मोह कुठे आला? आणि मला अजून काय सांगायचं राहिलं आहे? दुसरा प्रश्न सोडू नका. कॅथोलिक मंडळीत असाल तर फादरांकडे पापनिवेदनाची सोय आहेच. मोठा सण येईपर्यंत थांबू नका.

आठवी पायरी: पडलात तर

पडाल. मुद्दाम पडण्याची मुभा म्हणून हे सांगत नाही. पडल्यावरचे पहिले काही तास कसे घालवता यावर पुष्कळ अवलंबून असतं, म्हणून सांगतो.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पेत्राला म्हणाला की तुम्हाला गव्हासारखं चाळावं म्हणून सैतानाने मागणी केली आहे. पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३१-३२). पेत्राने "मी येशूला ओळखत नाही" असं म्हणून अजून त्याला नाकारलेलं नाही. कोंबडा आरवायला रात्र जायची आहे. आणि प्रभूने प्रार्थना आधीच करून ठेवली आहे, परत येण्याचं धरून चाललं आहे, परत आल्यावरचं कामही नेमून दिलं आहे. तुमच्या पुढच्या पडण्यालाही प्रभू असाच सामोरा आहे.

त्याच रात्री पैशांसाठी येशूला धरून देऊन यहूदाही पडला. त्यालाही पस्तावा झाला, त्याने तीस रुपये परतही केले. पण तो गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी "त्याचं आम्हाला काय?" म्हणून हात झटकले. पेत्र रडला आणि भावांमध्ये राहिला. म्हणूनच प्रभू पुन्हा भेटला तेव्हा तो तिथे होता. योहान लिहितो की महायाजकाच्या अंगणात पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत होता, आणि पुढे समुद्रकिनारी येशूने त्याला "माझ्यावर प्रीती करतोस काय?" असं तीनदा विचारलं, तेव्हाही तिथे कोळशाचा विस्तव होता. जिथे मोडलं तिथेच प्रभूने सांधलं.

तेव्हा पडल्यावर त्याच तासात गुडघे टेका आणि पापाला त्याच्या नावाने कबूल करा. १ योहान १:९ वर बोट ठेवून क्षमा मागा आणि क्षमा झाली असं माना, भावना काही म्हणोत. त्याच दिवशी सोबत्याला कळवा. कुणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती. आणि पुढच्या रविवारी उपासना चुकवू नका. स्वतःला शिक्षा म्हणून महिनाभर मंडळीपासून दूर राहणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून पवित्रता वाढलेली पाहिली नाही.

या जन्मी पापावर पूर्ण विजय मिळतो का, यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. मेथडिस्ट परंपरा एक सांगते, प्रेस्बिटेरियन दुसरं. नव्या माणसाने त्या वादात आताच शिरू नये.

जिथे आणखी मदत लागते

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने प्रार्थना करून एका दिवसात एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणं, झटके, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात. तिथे जाणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. सतत उदास वाटत असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो विश्वासातला कमीपणा समजू नका. १४४१६ या टेली मानसच्या मोफत क्रमांकावर बोला आणि डॉक्टरांना भेटा. आणि घरात मारहाण होत असेल, तर ती तुमच्या सहनशीलतेची परीक्षा नाही. कोणी वचन दाखवून तसं सांगितलं तरी ऐकू नका. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

पहिल्या आठवड्याचं वाचन

रोज एकच उतारा, सावकाश, दोनदा. सोमवारी मत्तय ३:१३ ते ४:११. मंगळवारी रोम ६. बुधवारी याकोब १. गुरुवारी उत्पत्ती ३९. शुक्रवारी इब्री ४:१४-१६, हा पाठच करा. शनिवारी लूक २२:३१-६२ आणि लगेच योहान २१. शनिवारची संध्याकाळ तुम्हाला अवघड जात असेल तर हे वाचन दुपारी चारच्या आधी करा. रविवारी स्तोत्र ३२ वाचून उपासनेला जा. वही सोबत न्या, आणि सोबती अजून ठरला नसेल तर उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना तेवढं विचारूनच घरी या.